घरून जीआरई, ३२५ ची गॅरंटी आणि दहा हजारांचं टोकन

नमस्कार सर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकी पालकांसाठी थोडक्यात सांगते. हे वडील घोडबंदर रोडला राहतात, मुलगा नवी मुंबईत आयटी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, अमेरिकेत एमएस करायचंय आणि त्याच्या प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेची मॉक, म्हणजे सराव टेस्ट, ३०२ च्या पुढे सरकत नाहीये. मित्राने टेलिग्रामवरचा एक 'कन्सल्टंट' गाठून दिला, तो म्हणतो परीक्षा घरून दे, ३२५ ची गॅरंटी, ८० हजार. १० हजार टोकन आणि पासपोर्टचा फोटो देऊन झालाय. आणि वडील मला विचारतात, सगळेच करतात म्हणे, मग आमच्याच पोराने हरिश्चंद्र का व्हायचं?

हरिश्चंद्राला राहू द्या बाजूला. हा माणूस नक्की करणार काय ते बघा. तो लॅपटॉपवर एनीडेस्कसारखं, लांबून आपला लॅपटॉप चालवता येणारं काहीतरी टाकायला लावतो किंवा एचडीएमआयची वायर काढून दुसऱ्या खोलीतल्या स्क्रीनला जोडतो, तिकडे त्याचा 'एक्स्पर्ट' पेपर सोडवतो आणि आपला पोरगा कॅमेऱ्यासमोर माउस हलवत विचार केल्यासारखं तोंड करून बसतो. म्हणजे लॅपटॉप त्याच्या हातात, पासपोर्टची कॉपी त्याच्याकडे, जीआरई घेणाऱ्या ईटीएस संस्थेचं लॉगिन त्याच्याकडे आणि तुमच्या मुलाने कॉपी केली याचा पुरावाही त्याच्याचकडे. एवढं सगळं हातात आल्यावर तो ८० हजारांवर थांबेल असं तुम्हाला का वाटतं? माझ्याकडे वाशीची एक मुलगी आली होती, तिचा व्हिसा इंटरव्ह्यू चार दिवसांवर आणि अशाच एका एजंटचा मेसेज, अजून ५० टाक नाहीतर चॅट युनिव्हर्सिटीला मेल करतो. घरी माहीत नाही, पोलिसात जावं तर आपलंच नाव येणार, समोरच्या खुर्चीत बसून नुसती ओढणीचं टोक पिळत होती. पैसे दिले तिने. महिन्याभरात त्याने पुन्हा मागितले.

स्कोअर एकदा आला की सुटलो असंही नाही, ईटीएस नंतरसुद्धा स्कोअर रद्द करतं. पेपरफुटीचा २०२४ चा केंद्राचा कायदा आहे तो यूपीएससी, एनटीए वगैरेंच्या परीक्षांसाठी, जीआरई त्यात नाही, म्हणून हे एजंट 'कायद्यात काही नाही' म्हणतात. पण दुसऱ्याच्या नावाने कॉम्प्युटरवर बसून फसवणूक केली तर आयटी ॲक्टचं ६६डी आहेच, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. आणि खोट्या कागदांवर व्हिसा मागितला असं ठरलं तर अमेरिका कायमची बंद होऊ शकते. २०२२ ची मेहसाण्याची केस आठवते का? आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसहा-सात बँडवाली गुजरातची पोरं अमेरिकेच्या बॉर्डरवर पकडली, कोर्टात इंग्रजी बोलता येईना, दुभाष्या लागला आणि चौकशी थेट मेहसाणा पोलिसांपर्यंत आली. ती परीक्षा तर सेंटरवरची होती, तरी सुटली नाहीत.

आता तुम्ही न विचारलेलं सांगते. तुमचा मुलगा प्रामाणिकपणे देणार असला तरी मी त्याला घरून देऊ नको म्हणेन. ही सोय मार्च २०२० मध्ये कोविडमुळे आली, चांगली होती, पण नियम बघा ना, खोलीत एकटा, दार बंद, बेडवर बसायचं नाही, कान दिसले पाहिजेत, सुटा कागद चालत नाही, कच्चं काम छोट्या व्हाइटबोर्डवर आणि शेवटी ते पुसून कॅमेऱ्याला दाखवायचं. आपल्या वन बीएचकेत दोन तास हे कोण पाळणार? एका मुलाची आजी मध्येच दार ढकलून आत आली, हातात शिऱ्याची वाटी, परीक्षा तिथेच बंद. कुणी बिचारा रीडिंगचा पॅसेज पुटपुटत वाचला तर त्याच्यावरही प्रॉक्टर, म्हणजे कॅमेऱ्यातून नजर ठेवणारा, संशय घेतो. कॉपीवाल्यांमुळेच हे सगळं कडक होत चाललंय, एलसॅट या लॉच्या प्रवेश परीक्षेवाल्यांनी ऑगस्ट २०२६ पासून बहुतेकांना परत सेंटरवर बोलवायचं ठरवलं, एसीसीए या अकाउंटन्सीच्या संस्थेने मार्च २०२६ पासून घरून परीक्षा बंद करायचं जाहीर केलं. फी तीच, मग सेंटरचा स्लॉट घ्या, सकाळी लवकर निघा, घोडबंदरचं ट्रॅफिक तुम्हाला मी काय सांगू.

आणि मुख्य म्हणजे जीआरई लागणार आहे का हे तुमच्यापैकी कुणी बघितलंय? पत्रात एकाही युनिव्हर्सिटीचं नाव नाहीये. एमएसच्या कितीतरी प्रोग्रामना आता जीआरई ऑप्शनल आहे, काही ठिकाणी तर मागतच नाहीत. तुम्ही कदाचित अशा आकड्यासाठी ८० हजार देताय जो कुणी बघणारच नाही. आधी यादी करा, प्रत्येक प्रोग्रामच्या पेजवर जाऊन बघा, क्लासवाल्याचं ऐकू नका.

लागणार असेल तर ३०२ म्हणजे काही आभाळ कोसळलेलं नाही. तुम्ही लिहिलंय क्वांट (गणित) १५९, व्हर्बल (इंग्रजी) १४३. आयटीच्या मुलाचा क्वांट दोन महिन्यांत वर जातो, चुका बहुतेक घाईच्या असतात. व्हर्बलला मात्र रोज वाचन लागेल, त्याला शॉर्टकट नाही, आणि तिकडे प्रोफेसरशी बोलायचं तर तेच इंग्रजी लागणार आहे. ईटीएसच्या पॉवरप्रेप नावाच्या दोन सराव टेस्ट फुकट आहेत, त्या घड्याळ लावून द्यायला सांगा, क्लासच्या मॉकवर जाऊ नका. पहिल्या अटेम्प्टला नाही जमलं तर २१ दिवसांनी परत देता येते आणि युनिव्हर्सिटीला कुठला स्कोअर पाठवायचा ते आपल्या हातात असतं.

पण हे सगळं उद्या. आज रात्री मुलाजवळ बसा, ओरडू नका, त्याने निदान तुम्हाला सांगितलं तरी. एनीडेस्क टाकलं असेल तर काढा, ईटीएसचा आणि मेलचा पासवर्ड दुसऱ्या डिव्हाइसवरून बदला, चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. उरलेले ७० हजार द्यायचे नाहीत, टोकनचे १० गेले समजा. त्या एजंटने धमकी दिली तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, अजून परीक्षा दिलेली नाहीये, म्हणून आत्ता तुम्हाला कुणाला घाबरायचं कारण नाही. आणि शनिवारी मुलाला घेऊन नौपाड्याला माझ्याकडे या, यादी आणि मार्कशीट बरोबर आणा, तो टेलिग्रामवाला मित्रही येणार असेल तर त्यालाही आणा.