अपग्रेड केलं आणि लॅपटॉप अडकायला लागला

या वेळची पत्रं लिनक्सवाल्यांची आहेत (उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन हे लिनक्सचेच अवतार), आणि त्यांत एक वाक्य जवळपास सगळ्यांनी लिहिलंय: ‘अपग्रेडच्या आधी छान चालत होता.’ चालतही असेल. पण अपग्रेडमध्ये कर्नल (हार्डवेअरशी बोलणारा लिनक्सचा गाभा) बदलतो, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलतो, डेस्कटॉप बदलतो, आणि त्याच सुमारास पंखा किंवा बॅटरीही मान टाकू शकते. यातलं कोण बिघडलंय हे न बघता थेट फॉरमॅट मारायचा, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. म्हणून उत्तरांत आधी तपास आहे, मग इलाज. आज्ञा देवनागरीत छापल्यात. टाइप करताना सगळं इंग्रजी लहान अक्षरांत लिहायचं.

प्रश्न : उबंटू २२.०४ वरून २४.०४ केलं. तेव्हापासून लॅपटॉप दिवसातून दोन-तीनदा गोठतो. माउससुद्धा हलत नाही, पॉवर बटण दाबून धरावं लागतं. आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, इंटेलसोबत एनव्हिडियाचं कार्ड. दुकानदार म्हणतो, विंडोज टाकून घ्या. (प्राध्यापिका, जुळे सोलापूर)

दुकानदाराला जरा थांबवा, मॅडम. पुढच्या वेळी गोठला की पॉवर बटणाकडे हात नेण्याआधी कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागतोय-विझतोय, तर कर्नल जिवंत आहे, फक्त पडदा अडकलाय. संशय ग्राफिक्सवर. दिवा ढिम्म राहिला, तर बहुधा कर्नलच अडकलाय. आणि दिवा आपलाआपण लुकलुकत राहिला, तर तो कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलने हात टेकलेत.

दिवा हलत असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. काळा पडदा आणि लॉगिन आलं, तर आत शिरून ‘सुडो रीबूट’. तेही नाही आलं, तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरा आणि एस, यू, बी ही अक्षरं दोन-तीन सेकंदांच्या अंतराने दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएनही लागतं. एसने लिहायचं राहिलेलं डिस्कवर उतरतं, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती राहते, बीने मशीन रीस्टार्ट होतं. इंटरनेटवर याचाच सहा अक्षरी मंत्र सापडेल, पण उबंटूच्या मूळ सेटिंगमध्ये त्यातली शेवटची तीनच अक्षरं चालतात. पॉवर बटण दाबून धरण्यापेक्षा डिस्कच्या दृष्टीने हे कितीतरी बरं.

मशीन पुन्हा चालू झालं की लगेच टर्मिनल उघडून ‘जर्नलसीटीएल -बी -१ -ई’ द्या. गेल्या खेपेच्या नोंदीचं शेवटचं पान दिसेल. तिथे ‘एनव्हीआरएम’ आणि ‘एक्सआयडी’ असे शब्द असतील तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर तक्रार करतोय. ‘जीपीयू हँग’ असेल आणि आजूबाजूला ‘आय९१५’ दिसत असेल, तर इंटेलचा.

आता खरी परीक्षा. अपग्रेडनंतर जुना कर्नल सहसा मशीनमध्येच राहतो. चालू करताना कंपनीचं चिन्ह गेलं की एस्केप एकदाच दाबा (जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा). एस्केप चार-पाचदा दाबलीत तर मेनूऐवजी ग्रबचा (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) नुसता प्रॉम्प्ट येतो. तसं झालं तर बंद करून पुन्हा सुरू करा. मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन जुन्या आकड्याचा कर्नल निवडा आणि दोन-तीन दिवस नेहमीचं काम त्यावरच करा. त्या कर्नलसाठी एनव्हिडियाचं मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) उरलं नसेल तर पडदा इंटेलवर चालेल. चालू द्या, परीक्षेला तेही उपयोगाचं आहे. गोठणं थांबलं तर दोष नव्या कर्नलचा किंवा त्याच्या ड्रायव्हरचा. जुन्यावरही गोठला तर कर्नलला सोडा आणि रॅम तपासा. ‘मेमटेस्ट’ रात्रभर चालवून ठेवायचा.

तुमच्या वर्णनावरून माझा कल एनव्हिडियाकडे आहे. अपग्रेड करताना उबंटू बाहेरचे पीपीए (उबंटूव्यतिरिक्त इतरांची पॅकेज-भांडारं) बंद करतो, पण त्यांतून पूर्वी आलेला ड्रायव्हर तसाच पडून राहतो. ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मध्ये जाऊन ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर घ्या. शिवाय लॉगिनच्या पडद्यावर नाव निवडलं की कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं, त्यातून ‘उबंटू ऑन झॉर्ग’ निवडून बघा. वेलँड आणि झॉर्ग या पडद्यावर चित्र दाखवायच्या दोन व्यवस्था. वेलँडवर अडकणारी आणि झॉर्गवर सुरळीत चालणारी एनव्हिडियाची मशीन्स भरपूर आहेत. कार्ड फार जुनं असेल तर गोष्ट वेगळी. ३९० मालिकेच्या ड्रायव्हरला एनव्हिडियाने २०२२ अखेर रामराम केला आणि ४७० ला २०२४ मध्ये. असलं कार्ड असेल तर ते बंद करून इंटेलवरच काम करा. शिकवण्याच्या कामाला ते पुरतं.

प्रश्न : आमचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर मिंट आहे. एप्रिलमध्ये भाच्याने मिंट २१ चं २२ करून दिलं. तेव्हापासून दुपारी बिलं काढताना मशीन फट्‌कन बंद पडतं. सकाळी काही होत नाही. जुनं मिंट परत टाकता येईल का? (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

येईल, पण टाकू नका. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं होईल. तुमच्या पत्रातच उत्तर आहे: एप्रिल, दुपार, आणि टॉवेलचा कारखाना.

वर सांगितलेली जर्नलची आज्ञा द्या. शेवटी ‘क्रिटिकल टेम्परेचर रीच्ड’ अशी ओळ दिसली तर विषय संपला. पण बऱ्याचदा तीही दिसत नाही. मशीन व्यवस्थित बंद होतं तेव्हा नोंदीच्या शेवटी सेवा एकेक करून थांबल्याच्या ओळी असतात. त्या नसतील आणि नोंद मध्येच तुटलेली असेल, तर लिनक्सला कळायच्या आत हार्डवेअरने वीज तोडलीय. असं सॉफ्टवेअरमुळे क्वचितच होतं. ‘एलएम-सेन्सर्स’ हे पॅकेज टाकून ‘सेन्सर्स’ ही आज्ञा द्या आणि सकाळचे आकडे दुपारच्या आकड्यांशी ताडून बघा. नुसतं बिल उघडलं तरी प्रोसेसर ९० अंशांच्या वर जात असेल तर मशीन उघडायची वेळ झाली.

उघडल्यावर बहुतेक जण फसतात ते इथे. पाठ काढली की पंखा दिसतो, पाती स्वच्छ दिसतात, मेकॅनिक फुंकर मारून पाठ परत लावतो. सुताचा कोंडा पात्यांवर बसतच नाही. पंख्याची हवा तांब्या-ॲल्युमिनियमच्या बारीक जाळीतून बाहेर पडते. पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत कोंडा साठतो आणि दाबून दाबून त्याचा नमद्यासारखा थर होतो. पंख्याचे स्क्रू काढून तो बाजूला केल्याशिवाय हा थर दिसत नाही. चिमट्याने एका कडेला धरला की अख्खी पट्टी निघून येते, कारखान्यात त्या दिवशी ज्या रंगाचं सूत होतं त्या रंगाची. मग ब्लोअर मारा, पण पातं काडीने अडवून. मोकळं सोडलं तर पंखा नको तेवढ्या वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. जमलं तर थर्मल पेस्टही नवी लावून घ्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा कारखान्यात बसणाऱ्या लॅपटॉपची ही सफाई उन्हाळ्याआधी व्हायलाच हवी. आणि लॅपटॉप टॉवेलच्या गठ्ठ्यावर ठेवून काम करू नका. तुमच्या धंद्यात हा मोह होणारच, पण खालची हवेची वाट बंद होते.

भाच्याने काम चोख केलंय, त्याला बोल लावू नका.

प्रश्न : अपग्रेड अर्ध्यावर असताना लाईट गेली. बॅटरी डेड आहे, लॅपटॉप बंद पडला. आता काळ्या पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ आणि ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ असं येतं. डेटा गेला का? (विद्यार्थी, बार्शी)

डेटा बहुतेक जागेवरच आहे. हा संदेश भयानक दिसतो, पण अशा वेळी त्याचा अर्थ साधाच असतो. नव्या कर्नलसोबत ‘इनिटरॅमएफएस’ नावाची एक फाइल तयार व्हावी लागते. ती तयार होण्याआधीच वीज गेली, त्यामुळे कर्नलला डिस्क कुठे आहे हेच कळत नाही.

ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल असेल, त्यासमोर ‘रिकव्हरी मोड’ लिहिलेली ओळ निवडा. त्या मेनूत आधी ‘नेटवर्क’ निवडा, म्हणजे इंटरनेटबरोबर डिस्कवर लिहिण्याची परवानगीही मिळते. मग ‘रूट’. तिथे ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. अर्धवट बसलेली पॅकेजेस ती एकेक करून पूर्ण करते. मध्ये एखादी सेटिंगची फाइल ठेवू की बदलू असं विचारेल. नुसतं एंटर दाबा, तुमची जुनी फाइल राहते. त्यानंतर ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ आणि मग ‘एपीटी फुल-अपग्रेड’. शेवटी ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ आणि ‘अपडेट-ग्रब’.

पहिलीच आज्ञा ‘नो स्पेस लेफ्ट’ म्हणाली तर ‘डीएफ -एच’ देऊन ‘/बूट’ची ओळ बघा. पाचशे एमबीचं वेगळं बूट पार्टिशन असलेल्या मशीनवर जुने कर्नल साठून ते भरतं आणि अपग्रेड नेमकं तिथेच अडखळतं. मग सगळ्यात जुना कर्नल काढून टाका, ज्यावर आत्ता उभे आहात तो मात्र सोडून.

हे करण्याआधी लाइव्ह पेनड्राइव्हने (यावरूनच लिनक्स चालतं, डिस्कवर बसवावं लागत नाही) सुरू करून होम फोल्डरमधली कामाची फाइल दुसरीकडे काढून घेतलीत तर हात थरथरणार नाही. आणि बॅटरी डेड असताना अपग्रेडला हात लावायचा असेल तर मशीन इन्व्हर्टरच्या प्लगवर हवं. लाईट कधी जाईल हे सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला मी काय सांगू!

प्रश्न : फेडोराची नवी आवृत्ती टाकल्यापासून झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत ठेवला की युनिव्हर्सिटीत पोचेपर्यंत बॅग गरम आणि बॅटरी निम्मी. (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, सोलापूर)

‘कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप’ देऊन बघा. ‘एस२आयडल’ आणि ‘डीप’ अशी दोन नावं दिसली, तर चौकोनी कंसात असलेलं सध्या चालू आहे. ‘एस२आयडल’मध्ये मशीन पूर्ण झोपत नाही, हलकी डुलकी घेतं, एखादा ड्रायव्हर जागा राहिला की बॅटरी उतरत राहते. ‘डीप’ही यादीत असेल तर ग्रबमधल्या कर्नलच्या ओळीत ‘मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप’ जोडून बघा. नुसतं ‘एस२आयडल’ असेल तर कंपनीने फर्मवेअरमधून (मशीनच्या आतल्या मूळ प्रोग्रॅममधून) ‘डीप’ काढूनच टाकलंय, त्याला फेडोरा काही करू शकत नाही. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपची हीच कथा आहे.

फेडोरा मुळात तीन कर्नल ठेवतो, तेव्हा मागचा कर्नल लावून फरक पडतो का ते बघाच. हायबरनेटच्या (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद करण्याच्या) मागे लागू नका. सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू न होऊ देणारी सोय) चालू असेल तर कर्नल ते करूच देत नाही. बॅगेत टाकायचा असेल तेव्हा सरळ शटडाउन करा. एसएसडी असेल तर चालू व्हायला वेळ लागत नाही.

आणखी एक, न विचारलेलं. फेडोराची आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला सुमारे तेरा महिने अपडेट्स मिळतात. म्हणजे एक आवृत्ती सोडून पुढची घेतली तरी चालतं. प्रबंध लिहायच्या वर्षात तर तेवढंच करा.

प्रश्न : अपग्रेडनंतर वाय-फायच गायब. मध्ये एक निळा पडदा आला होता, मी ‘कंटिन्यू’ केलं. (नवी पेठ)

तिथेच घोळ झाला. सिक्युअर बूट चालू असताना बाहेरून बसवलेला ड्रायव्हर सहीशिवाय चालत नाही. ती सही मान्य करून घ्यायला तो निळा पडदा येतो. ‘कंटिन्यू’ म्हटलं की सही नाकारली जाते आणि ड्रायव्हर बाहेरच उभा राहतो. मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, इंटरनेट मिळेल. मग ड्रायव्हरचं पॅकेज पुन्हा टाका. ते एक पासवर्ड ठरवायला सांगेल, तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्टला निळा पडदा आला की काही सेकंदांतच एखादी की दाबा, ‘एनरोल मॉक’ निवडा आणि तोच पासवर्ड द्या.

प्रश्न : मी अजून २२.०४ वरच आहे. वरचं सगळं वाचून भीती वाटते. थांबू का? (निवृत्त बँक कर्मचारी)

थांबा की! २२.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत सुरक्षेचे अपडेट्स आहेत. उबंटू स्वतःसुद्धा एका एलटीएसवरून (जास्त वर्षं अपडेट्स मिळणाऱ्या आवृत्तीवरून) दुसऱ्या एलटीएसवर जायचं आमंत्रण पहिली दुरुस्ती, म्हणजे ‘.१’ आल्यावरच देतो. जायच्या आधी नव्या आवृत्तीचा लाइव्ह पेनड्राइव्ह करून तासभर वापरा. वाय-फाय, आवाज, झाकण मिटून उघडणं, प्रिंटर, सगळं तिथेच कळतं. लाइव्हवर जे अडतं ते अपग्रेडनंतरही अडण्याचीच शक्यता जास्त.

प्रश्न : डेबियन १२ चं १३ करायचंय. लॅपटॉप जुना, ३२ बिटचा आहे. (मोहोळ)

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं आणि त्यात ३२ बिट पीसीसाठी कर्नलही नाही, इन्स्टॉलरही नाही. पण आधी ‘एलएससीपीयू’ द्या. वरच्या ओळींत ‘३२-बिट, ६४-बिट’ अशी दोन्ही नावं असतील तर प्रोसेसर ६४ बिटचाच आहे. रॅम कमी म्हणून कुणीतरी ३२ बिटची सिस्टिम टाकून दिली असेल. तसं असेल तर जागच्या जागी अपग्रेड करू नका, डेटा काढून घ्या आणि ६४ बिटचं डेबियन नव्याने टाका. डेस्कटॉप हलका, म्हणजे एक्सएफसीई घ्या. एकटीच ‘३२-बिट’ दिसली तर ‘एपीटी’च्या यादीत ‘बुकवर्म’च्या (१२ चं नाव) जागी ‘ट्रिक्सी’ (१३ चं) लिहायच्या भानगडीत पडू नका.