थर ओळखला की बिघाड सापडतो

उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. नेट बंद पडलं की दुरुस्तीवाला ‘लेयर वनचा प्रॉब्लेम’, ‘लेयर थ्रीचा प्रॉब्लेम’ म्हणतो. हे लेयर म्हणजे काय?

तुम्ही कास्टिंग पुण्याला पाठवता तेव्हा माल गुंडाळून सोबत चलन ठेवता, पेटीवर पत्ता घालता, मग ट्रान्सपोर्टवाला आपली बिल्टी लावतो. आत पंपाचा इम्पेलर आहे की बेअरिंग हाउसिंग, हे ट्रकड्रायव्हरला कळण्याची गरज नसते. नेटवर्कचे थर, म्हणजेच लेयर, असेच चालतात. वरून आलेला माल न उघडता प्रत्येक थर त्याला आपली चिठ्ठी लावतो आणि खाली देतो. पलीकडे त्या चिठ्ठ्या उलट्या क्रमानं निघतात.

पहिला थर म्हणजे केबल आणि सिग्नल. दुसरा थर त्याच नेटवर्कमधल्या यंत्रांची गाठ घालून देतो, तिसरा आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्राला दिलेला आकड्यांचा पत्ता) बघून वाट काढतो. चौथ्यात टीसीपी, म्हणजे माल तुकड्यांत नीट पोचवण्याचे नियम, आणि पोर्ट, म्हणजे यंत्रातल्या कोणत्या कामासाठी माल आहे ते सांगणारा नंबर, येतात. त्यामुळे ‘लेयर वन’ ऐकलं की आधी नेटवर्कच्या स्विचमागं (जिथं सगळ्या केबल जोडतात ती पेटी) जाऊन केबल जिथं खोचली आहे तिथला दिवा लागतोय का बघा. दिवा विझलेला असेल तर आयपीच्या सेटिंगला हात लावू देऊ नका.

पुस्तकात सात थर आहेत, सर चार सांगतात. आणि सेगमेंट, पॅकेट, फ्रेम एकच का?

थरांचं दोन्ही बरोबर. सात थरांचं ओएसआय मॉडेल आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं १९८४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधीच, १ जानेवारी १९८३ ला, इंटरनेटचं पूर्वज असलेलं अर्पानेट हे नेटवर्क टीसीपी/आयपीवर आलं होतं, आणि त्या घराण्यात चारच थर मोजतात. बिघाडाबद्दल बोलताना मात्र सगळे ओएसआयचेच आकडे वापरतात, म्हणून दोन्ही शिका.

तीन शब्द एक नाहीत. टीसीपीचा तो सेगमेंट, आयपीचं ते पॅकेट, इथरनेटची ती फ्रेम. नेहमीच्या इथरनेट फ्रेमच्या पोटात १५०० बाइट मावतात. त्यातले किमान २० आयपीच्या आणि २० टीसीपीच्या चिठ्ठीला जातात, उरतात १४६०. म्हणजे दहा लाख बाइटचा फोटो सुमारे ६८५ तुकड्यांत जातो. हा हिशेब एकदा वहीत स्वतः मांडा, तोंडी परीक्षेत शब्द अडणार नाहीत.

राजारामपुरीत आमचं डीटीपीचं काम आहे. प्रेसच्या एफटीपीला (फाइल पाठवायच्या सर्व्हरला) लॉगिन होतं, पण फोल्डरची यादी येत नाही. पासवर्ड चुकतोय का?

पासवर्ड चुकला असता तर लॉगिनच झालं नसतं. एफटीपी दोन जोडण्या वापरतं. २१ नंबरच्या पोर्टवर फक्त हुकूम जातात. यादी आणि फाइल दुसऱ्या जोडणीनं येतात, आणि तुमची तीच अडते आहे. अॅक्टिव्ह मोडमध्ये ही दुसरी जोडणी सर्व्हर तुमच्याकडं करतो आणि तुमचा राउटर बहुतेक वेळा ती अडवतो. पॅसिव्ह मोड निवडा, म्हणजे तुमचा संगणक सर्व्हरकडं जाईल.

तरीही अडलं तर लॉग (प्रोग्रामनं ठेवलेली नोंद) उघडा आणि २२७ नं सुरू होणारी ओळ शोधा. कंसात सहा आकडे असतील, समजा १९२,१६८,१,१०,१९५,८०. पहिले चार हा पत्ता. शेवटच्या दोनांतून पोर्ट निघतो: १९५ गुणिले २५६, अधिक ८०, म्हणजे ५००००. पत्ता १९२.१६८ नं सुरू होत असेल, तर सर्व्हर प्रेसच्या आतला पत्ता सांगतोय आणि तुम्हाला बाहेरून तिथं पोचता येणार नाही. प्रेसवाल्यांना सांगा, सर्व्हरमध्ये बाहेरचा पत्ता भरा आणि पॅसिव्हचे पोर्ट फायरवॉलमध्ये उघडा.

दोष एफटीपीला देऊ नये. त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ चा, तेव्हा असे राउटर नव्हतेच. तो लिहिणारे अभय भूषण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, याचा मला फार अभिमान वाटतो.

आणि पीडीएफ नेहमी बायनरी मोडमध्येच, म्हणजे जशीच्या तशी, पाठवा. अॅस्की मोड साध्या मजकुरासाठी असतो, तो ओळींच्या शेवटची चिन्हं बदलू शकतो आणि फाइल बिघडते.

एसएफटीपी आणि एफटीपीएस एकच ना?

नाही. एफटीपीएस म्हणजे टीएलएसच्या (माहिती सांकेतिक करून झाकणाऱ्या पद्धतीच्या) कवचातलं एफटीपी, त्यात त्या दोन जोडण्या तशाच राहतात. एसएफटीपी हा वेगळाच प्रोटोकॉल, एसएसएच या सुरक्षित जोडणीवर चालणारा, एरवी २२ नंबरच्या एकाच पोर्टवर. दोन्हींतून निवडायचं असेल तर एसएफटीपी घ्या. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो. तोच पासवर्ड तुम्ही ईमेललाही ठेवला असेल, तर आधी तो बदला.