काऊचा घास, मॉरिशसला

प्रिय मनू,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, पितृपक्षात तू कावळ्यासाठी पान ठेवतेस. यंदा आजोबांच्या तिथीला तुम्ही दोघं मॉरिशसला होतात, तेही पक्षी बघायला. मग तिथं ठेवलंस का? आणि मुळात कावळाच का?" तेव्हा आमची बोटीची वेळ झाली होती. आता लंडनला परत आलो आहोत, बॅगाही आवरून झाल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

पितर कावळ्याच्या रूपानं येतात, असं आपल्याकडे मानतात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा राहिली नाही, असं समजायचं. तो आलाच नाही तर माणसं हात जोडून मोठ्यानं सांगतात, "पोरांचं आम्ही बघू, काळजी करू नका." शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात. पण कावळ्याचा घास फक्त मरणाशी जोडलेला नाही. तुला भरवताना मी 'एक घास काऊचा, एक घास चिऊचा' म्हणायचे, आठवतं? जुन्या घरांत रोज जेवणाआधी गाय, कुत्रा, कावळा, मुंगी आणि दारी आलेला अतिथी यांचा वाटा काढत. त्यात कावळा अगदी अंगणातला, न बोलावता येणारा.

आजीनं निघताना विचारलं होतं, "पितृपक्षात कुणी फिरायला जातं का?" पण बाबांची रजा तेव्हाच होती, आणि तू हॉस्टेलला गेल्यापासून आम्ही दोघं कुठंच गेलो नव्हतो. आम्ही माहेबूर गावात दोन खोल्या घेतल्या. घाई कसलीच नव्हती. सकाळी व्हरांड्यात चहा आणि दुर्बीण, दुपारी कोपऱ्यावरच्या हातगाडीवर ढोलपुरी. डाळ शिजवून, कोरडी वाटून पातळ पोळीत भरतात. पुरणपोळीसारखीच, पण गुळाशिवाय. बिहारकडच्या गिरमिटियांनी, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांनी, ती तिथं नेली. गाडीवाला दोन पुऱ्या एकावर एक ठेवतो, त्यावर पावट्यासारख्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि हिरवी चटणी घालतो आणि कागदात गुंडाळून हातात देतो. कायम जोडीच, एकटी पुरी देत नाहीत. बाबांना ते फार आवडलं.

आपलीही माणसं तिथं गेली, रत्नागिरी-साताऱ्याकडची, मुंबईहून जहाजानं. पोर्ट लुईला आप्रवासी घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या आहेत, मजूर तिथं उतरून वर चढायचे. आम्ही त्यांच्यापुढे बराच वेळ उभे होतो. आजही गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

माहेबूरजवळच इल ओ झेग्रेत नावाचं २६ हेक्टरचं बेट आहे, राखीव. तिथं आम्हाला गुलाबी पारवा दिसला. पांढुरका गुलाबी, शेपूट तांबूस, अगदी हातभर अंतरावर. १९९०च्या सुमारास रानात हे जेमतेम दहा उरले होते. तिथला छोटा ससाणा, मॉरिशस केस्ट्रेल, तर १९७४ साली चारच माहीत होते! लोकांनी अंडी काढून उबवली, पिल्लं हातानं वाढवली. पारव्यांसाठी आजही माणसं जंगलात दाणे ठेवतात. ते ऐकलं आणि मला आपला काढून ठेवलेला घासच आठवला. गाइड म्हणाला, आपला राखी मानेचा कावळा तिथं जहाजांवरून आला आणि आता तो बाकीच्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातो. त्याला कुणी खायला घालू नये.

तिथी तीन दिवसांवर होती आणि मी खीर करणार होते. रात्री मी बाबांना विचारलं, "काय करायचं?" ते बराच वेळ गप्प होते. मग आजोबांविषयी म्हणाले, "दादांना कुणाच्या घरट्यातलं पिल्लू गेलेलं चाललं नसतं." म्हणून मी पान बाहेर ठेवलं नाही, मनू. मला जड गेलं, खोटं कशाला सांगू. भात, वरण, आजोबांची आवडती तांदळाची खीर, सगळं पानावर वाढलं, पाणी फिरवलं, नमस्कार केला. आणि ते पान खोल्यांची देखभाल करणाऱ्या बाईंना दिलं. अतिथीचा वाटा. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि कुणासाठी आहे ते विचारलं. बाबांनी मोबाइलमधला आजोबांचा फोटो दाखवला.

नंतर आम्ही व्हरांड्यात जेवायला बसलो, तेवढ्यात कठड्यावर शिपाई बुलबुल येऊन बसला. काळा तुरा, गालावर तांबडा ठिपका, आपल्या कोकणातला तोच. त्यालाही बाहेरूनच आणलेलं, तिथले लोक त्याला कोंदे म्हणतात. चिपळूणच्या अंगणात आजोबा त्याला शीळ घालून उत्तर द्यायचे, तू अगदी लहान होतीस तेव्हा. बाबांनी हातातला घास खाली ठेवला आणि तशीच शीळ घातली. त्यानं मान वळवली, तुरा ताठ केला आणि उलट बोलला.

तुझी,
आई