पुराच्या पाण्यात दोन दिवस बुडालेली सायकल: तेल मारून चालवावी की खोलून घ्यावी?

प्रश्न: माजलगाव तालुक्यात आमच्या घरात सिंदफणेचं पाणी शिरलं. मुलीला सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली सायकल दोन दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरून चार दिवस झाले. चेन तांबडी पडलीय, पण चाकं फिरतात. दुकानदार म्हणतो तेल मारा आणि चालवा. एवढ्यानं भागेल का?

उत्तर:

नाही भागणार. महिना-दीड महिना चालेल, मग चाकातून करकर यायला लागेल, आणि तेव्हा खोलली तर हबमधले (चाकाच्या मधल्या तुंब्यातले) कोन आणि कप, म्हणजे ज्यांच्यामध्ये छर्रे फिरतात ते भाग, दोन्ही खराब झालेले निघतील. आज खोललीत तर बहुतेक नुसते छर्रे (बारीक पोलादी गोळ्या) आणि ग्रीस यावरच काम निघेल.

चाकं फिरतात म्हणून फसू नका. लोखंड पाण्याखाली असताना तसं सावकाशच गंजतं, कारण साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. गंज खरा जोर धरतो तो पाणी ओसरल्यावर, जेव्हा आत ओल असते आणि हवाही पोचते. म्हणजे तुमचे हे चार दिवस आधीच्या दोन दिवसांपेक्षा जास्त महागाचे. "आधी उन्हात वाळू द्या, मग बघू" हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. फ्रेम वाळते, हबच्या आतलं पाणी वाळत नाही.

दुसरी अडचण आपल्या काळ्या मातीची. तिचे कण इतके बारीक की हबच्या पत्र्याच्या टोपीखालून पाण्यासोबत आत जातात. ओली असताना माती फुगते, वाळली की आवळून ढेकूळ होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तीच माती ग्रीसमध्ये कालवली गेली की छर्ऱ्यांभोवती पॉलिश पेपर गुंडाळल्यासारखं होतं. वरून तेल सोडलं तर ते ग्रीस पातळ करतं आणि गाळ आणखी आत नेतं. दुकानदाराच्या सल्ल्यात गोम आहे ती एवढीच.

हात लावण्याआधी दोन गोष्टी. घरातल्या नुकसानीचा पंचनामा व्हायचा असेल तर गाळासकट सायकलचे फोटो काढून ठेवा. आणि सीटखाली, कॅरिअरखाली, चेनकव्हरच्या आत काठीनं खडखडवून बघा. पुरानंतर विंचू अशा जागी दडतात. हातात रबरी मोजे घाला. पुराच्या पाण्यात गटाराचं, गोठ्याचं सगळं मिसळलेलं असतं, आणि हातावर जखम असली तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

आता धुणं. माती वाळली असेल तर खरवडू नका, रंग निघेल. ओली गोणी गुंडाळून तीन-चार तास ठेवा, मग साध्या नळीनं धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गननं हब, चिमटा (पुढचं चाक धरणारा फाटा) आणि फ्रीव्हीलवर (मागच्या चाकाच्या दातेरी चक्रावर) मारा अजिबात करू नका. बादलीभर पाण्यात चमचाभर भांड्याचा साबण पुरतो. सीट पाइप काढा (काढण्याआधी उंचीची खूण करून ठेवा) आणि सायकल आधी उलटी, मग आडवी करा. फ्रेमच्या नळ्यांतून गढूळ पाणी निघेल. सीटच्या फोममध्ये पाणी असेल तर खालून दाबून काढा.

सामान फार लागत नाही: १०० ग्रॅम साधं लिथियम ग्रीस, लिटरभर डिझेल (रॉकेल मिळालं तर उत्तमच, पण हल्ली मिळतं कुठे), जुना दात घासायचा ब्रश, सुती चिंध्या, कोनचा पातळ पाना, हातोडी, आणि खाली अंथरायला जुनी चादर. चादर विसरू नका, छर्रे फरशीवर सांडले की शोधत बसावं लागतं. डिझेल टायरला आणि ब्रेकच्या रबराला लागू देऊ नका, रबर फुगून मऊ पडतं. म्हणून चाकं काढल्याबरोबर टायर-ट्यूब वेगळी करा. तसंही टायरच्या आत गाळ बसलेला असतोच. तो तसाच राहिला तर ट्यूब घासून बारीक बारीक पंक्चर होत राहतात आणि काटा काही सापडत नाही. टायर आतून ओल्या फडक्यानं पुसा, कडेची तार गंजली आहे का बघा, रिमची पट्टी बदला. व्हॉल्व्हच्या आतली छोटी रबरी नळीही नवीन घाला.

मागच्या चाकात आधी फ्रीव्हील, मग हब, हा क्रम मोडू नका; नाहीतर नव्या ग्रीसमध्ये डिझेल उतरेल. चाक आडवं ठेवा, फ्रीव्हीलचा फिरणारा आणि स्थिर भाग यांच्यामधल्या फटीत डिझेल सोडा, फिरवा, चाक उलटं करून गाळू द्या. चार-पाच वेळा करा, निघणारं डिझेल स्वच्छ दिसेपर्यंत. मग रात्रभर निथळू द्या आणि इंजिन ऑइलचे आठ-दहा थेंब सोडा. इथे ग्रीस भरू नका. फ्रीव्हीलच्या आत छोटे खटके असतात, ते स्प्रिंगवर उघडझाप करतात. ग्रीसमध्ये ते चिकटले की पायडल मध्येच रिकामं फिरतं आणि मुलगी जोर लावताना तोंडावर पडू शकते. फ्रीव्हील खोलायच्या भानगडीत पडू नका. आत ३ मिमीहून थोडे मोठे, म्हणजे १/८ इंची बारीक छर्रे ढिगानं असतात. धुवूनही करकर राहिली तर सरळ नवीन टाका.

हब खोलायचं तर चेनच्या विरुद्ध बाजूचा नट आणि कोन काढा, ॲक्सल (हबमधून जाणारी दांडी) ओढून घ्या, छर्रे मोजा. बहुतेक साध्या सायकलींत पुढच्या हबला प्रत्येक बाजूस ३/१६ इंची १० आणि मागच्याला १/४ इंची ९ छर्रे असतात. ग्रीस दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलं होतं हे नक्की. सगळं डिझेलनं धुऊन पुसा. मग बॉलपेनचं टोक कोनच्या ज्या पट्ट्यावर छर्रे फिरतात तिथून फिरवा. गुळगुळीत सरकलं तर कोन चांगला. टोक अडखळलं तर खड्डा पडलाय, कोन बदला. कपही असाच तपासा. कपात खड्डा असेल तर हबच बदलावा लागतो, कारण साध्या हबमधला कप सहसा वेगळा निघत नाही. छर्रे मात्र चांगले दिसले तरी नवीनच घाला, आणि जुने-नवे मिसळू नका: आकारात केसाएवढा फरक पडला तरी सगळा भार मोठ्या छर्ऱ्यांवर येतो.

कपात ग्रीसचा जाड थर द्या, छर्रे त्यात रुतवा, ॲक्सल घाला, कोन हातानं आवळा. मग लॉकनट धरून जुळवा. चाक हवेत धरून सोडलं की व्हॉल्व्हची जड बाजू आपोआप खाली यायला हवी. आली नाही तर कोन जास्त आवळलाय. रिम धरून आजूबाजूला हलवताना खटखट लागली तर सैल आहे. या दोन्हींच्या मध्ये थांबायचं; त्यासाठी तीन-चार वेळा खोल-बंद करावं लागतं, कंटाळू नका.

मधला बीबी (बॉटम ब्रॅकेट) ॲक्सल, म्हणजे दोन्ही पायडलांच्या मधला आस, लोक टाळतात, आणि पाणी सगळ्यात जास्त तिथेच साचतं, कारण फ्रेमच्या सगळ्या नळ्यांचं पाणी उतरून तिथे येतं. या सायकलींत क्रँक (पायडलची दांडी) बहुतेक कॉटर पिनवर, म्हणजे आडव्या खुंटीवर, बसवलेला असतो. कॉटरचा नट पूर्ण काढू नका. पिनच्या टोकाबरोबर येईपर्यंत सैल करा आणि नटावर ठोका, म्हणजे आटे चेपत नाहीत. ठोकताना क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा टेकवा, नाहीतर घाव कपावर आणि छर्ऱ्यांवर बसतो. गंजून घट्ट असेल तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. डावीकडची रिंग आणि कप नेहमीच्या नटासारखे घड्याळाच्या उलट दिशेनं सुटतात. उजवीकडचा, चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. तो काढायची गरज नसते, आतून पुसून घेतला की झालं. छर्रे १/४ इंची, सुटे असतील तर प्रत्येक बाजूला ११. परत बसवताना ॲक्सलची लांब बाजू चेनकडे. कॉटर नवीन घ्या, जुनी नमुन्याला घेऊन जा. दोन्ही क्रँक एका रेषेत आले नाहीत तर एक कॉटर उलटी बसलीय. डावं पायडल काढायचं असेल तर त्याचे आटेही उलटे, हे लक्षात ठेवा.

चिमट्याच्या वरच्या-खालच्या छर्ऱ्यांचंही असंच. खालच्या बाजूला गाळ जास्त सापडेल.

चेनच्या तांबड्या रंगाला घाबरू नका. चेनचं लॉक (जोडणारी कडी) काढून चेन झाकणाच्या डब्यात डिझेलमध्ये रात्रभर ठेवा, ब्रशनं घासा, पुसा, वाळवा. मग एकेक कडी वाकवून पाहा. वाकलेली कडी तशीच राहत असेल आणि तेलानंतरही सुटत नसेल तर चेन बदला. पट्टीनं २४ कड्या मोजा: १२ इंच असतील तर ठीक, १२ आणि १/८ इंच झाल्या असतील तर झिजलीय. तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब, दोन तासांनी बाहेरून कोरडं पुसून घ्या. वर चिकटलेलं तेल धूळ धरण्यापलीकडे काही करत नाही. गोडं तेल किंवा खोबरेल नको, चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल फार पातळ, टिकत नाही. आणि पाणी पळवणारे स्प्रे हे तेल नव्हेत. त्यांनी ओल निघते, पण चेनला वंगण वेगळं द्यावंच लागतं. लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेनं धावते तिकडे ठेवायची.

ब्रेक तारेचे असतील तर तार आणि वरची नळी दोन्ही नवीन घ्या. नळीच्या आत गंज धरला की ब्रेक दाबला जातो पण सुटत नाही. दांडीचे ब्रेक असतील तर सांध्यांत तेलाचा थेंब पुरे. ब्रेकच्या रबरात रुतलेले खडे सुईनं काढून पॉलिश पेपरनं घासा. रिमला डिझेल लागलं असेल तर साबणानं दोनदा धुवा.

फ्रेमच्या आतून गंज धरू नये म्हणून आपल्याकडचा एक स्वस्त उपाय आहे: जवसाचं तेल. फ्रेम पूर्ण कोरडी झाल्यावर सीटच्या नळीतून आणि हँडलच्या बाजूनं तीन-तीन चमचे ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं निथळू द्या. कच्चं तेल असेल तर सुकायला आठवडा किंवा जास्तही लागतो, पण आतून पातळ कातडं धरतं. तेच तेल चेनवर घातलं तर घोटाळा होईल, हे सांगायला हवं. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून टाका किंवा मोकळ्यावर पसरून वाळवा.

बॅटरीची सायकल बुडाली असेल तर मामला वेगळा. चार्जिंगला लावू नका, बॅटरी घराबाहेर, गवत-लाकडापासून लांब ठेवा आणि विक्रेत्याला दाखवा.

हे सगळं घरी करायचं नसेल तर दुकानदाराला "सर्व्हिसिंग" म्हणू नका, कारण त्यात तेल आणि हवा एवढंच होतं. "पूर्ण खोलून छर्रे बदला, जुने छर्रे मला परत द्या" असं सांगा. जुने छर्रे हातात आले म्हणजे खोलली की नाही ते कळतं.

पंधरा दिवस चालवल्यावर कॉटरचे नट आणि कोन पुन्हा तपासा. नवीन कॉटर बसते तशी थोडी सैल होते. हबच्या टोपीपाशी विटकरी रंगाचं ग्रीस बाहेर येत असेल तर आत पाणी राहिलंय, ते चाक परत खोला.