डोमेनमध्ये दुसऱ्या कंपनीचं नाव वापरलं तर खरंच अडचण येते का?

एखाद्या ब्रँडच्या वस्तू दुरुस्त करता, म्हणून त्याचं नाव डोमेनमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यात, घ्यायचं का, असा तुमचा प्रश्न आहे. शक्यतो घेऊ नका. डोमेन मोकळं मिळालं म्हणजे ते नाव वापरायचा हक्क मिळाला, असं होत नाही. नोंदणी करणारी कंपनी ट्रेडमार्क तपासत बसत नाही. ती जबाबदारी तुमचीच.

डॉट कॉमसारख्या डोमेनला १९९९ पासून यूडीआरपी ही तंटा सोडवण्याची पद्धत लागू आहे. त्यात ट्रेडमार्कच्या मालकाला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नाव गोंधळ होईल इतकं सारखं आहे, तुमचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने घेऊन वापरलं आहे. तिन्ही सिद्ध झाल्या, तर डोमेन रद्द होतं किंवा त्यांच्याकडे जातं. भरपाई तिथे मिळत नाही, पण कोर्टाचा रस्ता वेगळा खुला असतो. अमेरिकेच्या कायद्यात तर एका डोमेनमागे १,००० ते १,००,००० डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद आहे.

आणि कृपा करून ‘विकत घ्या, मग सोडतो’ असं त्या कंपनीला कळवू नका. वाईट हेतूचा पुरावा तुम्ही स्वतःच हातात देता.

खरोखर त्याच ब्रँडचं काम करणाऱ्याला थोडी सवलत मिळू शकते. पण कंपनीशी आपला संबंध काय, हे साइटवर ठळक लिहिलेलं हवं. त्यापेक्षा डोमेन स्वतःच्या नावाचं घ्या आणि ‘अमुक ब्रँडची दुरुस्ती करतो’ हे आतल्या पानावर लिहा.

नोटीस आलीच, तर गप्प बसू नका. यूडीआरपीत उत्तराला फक्त २० दिवस मिळतात.