लग्नाआधी उचलीचा हिशोब कर

बाळा,

परवा रात्री तुझा मेसेज आला तेव्हा मी जागाच होतो पण लगेच उत्तर दिलं नाही, कारण घाईत लिहिलं असतं तर तुझ्या वडिलांवर राग काढल्यासारखं झालं असतं आणि त्यांच्यावर रागवायचा मला हक्क नाही, ते त्यांच्या बाजूनं बरोबर विचार करतायत. तुझं वय 20, पोरगी बघितलीय ती 16 ची, आणि घरचे म्हणतायत यंदा जोडी लावली की पूर्ण कोयता होतो.

ऊसतोडीत एकटा गडी अर्धा कोयता, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ती कोयत्यावर. म्हणून आपल्याकडं उसाच्या सीझनच्या तोंडावर लग्नं लागतात, कारखान्याच्या गेटवर उरकलेल्या लग्नाला तर लोक गेटकेनच म्हणतात. 2019-21 च्या सरकारी आरोग्य सर्व्हेत बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 43.7 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा 21.9. शहरातले म्हणतात ही लोकं लवकर लग्नं करतात म्हणून गरीब राहतात. मला ते अर्धंच पटतं, कारण गरिबीनं लावलेलं लग्न मी घरात बघितलंय.

आजी होती तोवर ताई आणि मी गावातच राहायचो, आईबाप कारखान्यावर, आजी भाकरी थापून दोघांना शाळेत धाडायची. आजी गेली आणि प्रश्न उभा राहिला की ताईला घरी एकटी ठेवायची कशी, आणि सोबत न्यायची तर तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ठेवायची कशी, कोपीला दार नसतं रे, वर प्लास्टिकचा कागद आणि पुढं जुन्या साडीचा पडदा, आईबाप पहाटे तीनलाच उसाच्या फडात. मी पोरगा म्हणून हॉस्टेलला गेलो आणि ताईचं पंधराव्या वर्षी लग्न झालं. घरात एक म्हातारं माणूस असतं तर ती दहावी झाली असती, हे मला अजून टोचतं. पुढच्या वर्षी ती सातव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढत होती. नंतर दाजी गेले, उचल फिटली नव्हती, दहाव्याला मुकादम ओट्यावर बसून होता, आणि ताईनं दोन सीझन अर्ध्या कोयत्यावर दुसऱ्याच्या टोळीत जाऊन ते पैसे फेडले. नवऱ्यामागं बाईचा कोयता अर्धा होतो, कर्ज मात्र अख्खं राहतं.

आता तुझा हिशोब. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर वाढून टनाला 366 रुपयांच्या आसपास झाला. समज लग्नापायी एक लाख उचल घेतली, मांडव, जेवण, कपडे, एक मंगळसूत्र, झालं संपलं. एक लाख फेडायला 273 टन ऊस तोडायचा. दोघं मिळून दिवसाला दोन टन धर, म्हणजे 137 दिवस एकही खाडा न करता. हल्ली सीझन तेवढा चालतो का तूच सांग. त्यात पोरगी आजारी पडली, दिवस गेले, खाडा लागला की बाकी पुढच्या वर्षावर, आणि मग पुढच्या वर्षीही तोच मुकादम. तुमचा संसार पहिल्याच दिवशी उधारीवर सुरू होणार.

कायद्याचं पण स्पष्ट सांगतो, मुलगी 18 आणि मुलगा 21 लागतो, आणि तू अठरा पूर्ण केलेला आहेस म्हणजे अठराच्या आतल्या पोरीशी लग्न केलंस तर गुन्हेगार तूसुद्धा ठरतोस, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, दोन्ही होऊ शकतं. तिच्या घरचे तिला दुसरीकडं द्यायला निघाले तर 1098 ला फोन लाव, लाजू नको.

लग्न करूच नको असं मी म्हणत नाही. बायकोची साथ असली की माणूस उभा राहतो हे मी स्वतः अनुभवलंय, माझं लग्न 27 व्या वर्षी साखरपुड्यातच उरकलं, कर्ज एक रुपया नाही. तू आधी आयटीआयचं बघ, बारावी सायन्स आहेस, इलेक्ट्रिशियनला नंबर लागू शकतो. आणि तुझी धाकटी बहीण आठवीत आहे तिचा विचार तुझ्याइतकाच करायचा, तुमच्याकडं पण आता आजी नाही. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी शासनाची संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत, मुलींची वेगळी, तिथं तिचं नाव टाकू, म्हणजे आईबाप गेल्यावर तिचं काय हा प्रश्नच घरात उठणार नाही.

वडिलांशी एकटा वाद घालू नको. रविवारी दोघं या, आईलाही आण, हिशोब मी कागदावर मांडून ठेवतो आणि बोलतो मीच. येताना बहिणीचं आधार आणि गेल्या वर्षीचं मार्कशीट आठवणीनं घे, जातीचा दाखला काढला नसेल तर तेही बघू. जेवायला इथंच थांबा.

तुझा सर