अमेरिकेत राज्याचा हिशेब सांभाळणारा माणूस मतदानाने का निवडतात?

तुमचा प्रश्न असा की आपल्याकडे कॅगची नेमणूक राष्ट्रपती करतात, मग अमेरिकेत राज्याच्या पैशावर नजर ठेवणारा पक्षाच्या तिकिटावर कसा निवडून येतो, आणि असा माणूस निष्पक्ष राहतो का? मी शिकागोजवळ राहतो, म्हणून इलिनॉयपुरतं सांगतो. दर राज्याची तऱ्हा वेगळी.

आधी एक घोळ मिटवू. आमच्याकडे निवडून येतो तो कंट्रोलर (स्पेलिंगमध्ये 'एम' आणि 'पी' उगाच घुसलेत). तो ऑडिटर नव्हे. ऑडिटर जनरल वेगळा. त्याला विधिमंडळ तीन पंचमांश मतांनी 10 वर्षांसाठी नेमतं. कॅगशी तुलना करायचीच तर त्याची करा. कंट्रोलर म्हणजे बिलं काढणारा. तिजोरी ट्रेझररकडे, पण कंट्रोलरच्या वॉरंटशिवाय (म्हणजे पैसे देण्याच्या लेखी आदेशाशिवाय) तिथला डॉलर हलत नाही.

पूर्वी या कामाला निवडून आलेला 'ऑडिटर' असायचा. त्यातल्या ऑर्व्हिल हॉजने खोटी वॉरंटं काढून 15 लाख डॉलरच्या वर हाणले. दोन विमानं, तीसेक मोटारी असा थाट. 1956 साली पकडला गेला. इलिनॉयच्या 1970 च्या राज्यघटनेने ते पदच मोडीत काढलं आणि जागी कंट्रोलर आणला.

आता निष्पक्षपणा. तशी अपेक्षाच नसते. 2015 ते 2017 राज्यपाल (इथे तोही निवडून येतो, कारभार तोच चालवतो) आणि विधिमंडळाच्या भांडणात बजेटच झालं नाही. बिलं ढीगभर, पैसा तुटपुंजा. आधी कुणाचे द्यायचे हे कंट्रोलर ठरवणार. माझ्या दाताच्या डॉक्टरांकडे काउंटरवर कागद चिकटवला होता: राज्य सरकारी विम्याच्या पेशंटनी पैसे आधी भरावेत. तेव्हाच्या कंट्रोलर लेस्ली मंगर, मधेच रिकाम्या झालेल्या जागेवर राज्यपालांनीच नेमलेल्या. त्यांनी 2016 मध्ये आमदारांचे पगारही त्याच रांगेत उभे केले. मला ते जाम आवडलं. तरी नोव्हेंबरमध्ये त्या सुसाना मेंडोझांकडून हरल्या. थकबाकी पुढच्या वर्षी 16.7 अब्ज डॉलरवर गेली.

माझ्या मते ऑडिटर निवडून येऊ नये. चेक काढणारा आला तर बिघडत नाही. एरवी मतपत्रिकेवरची ती ओळ मी पक्ष बघून भरायचो. 2016 ला मात्र दोघींबद्दल घरी वाचून गेलो.